डिग्रीच्या पाठीवरचं कुंकू

आमच्या घरात कागदाची वाट लावायचा मक्ता ह्यांच्याकडे होता. हे म्हणजे माझा नवरा. गोंदियाच्या एका राइस मिलमध्ये वजनकाट्यावर बसतात. माणूस सरळ, पण कागद हातात आला की काहीतरी करून ठेवणारच. पोरीच्या दहावीच्या मार्कशीटला ह्यांनी हौसेनं प्लास्टिक चढवून आणलं होतं, एकदम कडक. पुढं नर्सिंग कॉलेजवाले म्हणाले, ह्याच्यावर आमचा शिक्का बसत नाही, प्लास्टिक काढा. ते काढता काढता मार्कशीटचा एक कोपराच सोलून निघाला. त्यावरून मी ह्यांना किती वर्षं बोलले असेन, काही हिशेब नाही. भाजीत मीठ जास्त पडलं आणि हे कुरकुरले तरी मी म्हणायचे, "प्लास्टिक चढवा त्याले."

मी तापट आहे. सासरी, माहेरी, अंगणवाडीत, सगळ्यांना माहीत आहे. जे झालं ते ह्यांच्या हातून झालं असतं तर मी अख्खं कुडवा डोक्यावर घेतलं असतं. झालं माझ्या हातून.

आम्ही गोंदियाला लागूनच असलेल्या कुडव्याला राहतो. गाव दवनीवाडा, तिथं दीर धानाची शेती बघतात. मी अंगणवाडी सेविका. पोरगी एकच. नागपूरला चार वर्षं राहून तिनं नर्सिंगची डिग्री घेतली, मग गोंदियाच्या एका खाजगी दवाखान्यात लागली आणि ड्यूटी करता करता जर्मन शिकायला लागली. स्वयंपाकघरात भिंतीला टेकून मोबाईलवर बघत घोकायची, डेर, डी, दास, म्हणजे त्यांचं तो, ती, ते. मी कणीक मळत ऐकायचे. एका आठवड्यात मलाही पाठ झालं, फक्त कुठं डेर आणि कुठं दास ते कळत नव्हतं. ती म्हणायची, मलेही नाई कळत, आई, ते पाठच करावं लागते. अशी अडखळत अडखळत ती त्यांची परीक्षा पास झाली आणि जर्मनीतल्या एका दवाखान्याचं नोकरीचं पत्र आलं.

पत्र आलं आणि घरातली शांती गेली. डिग्रीवर शिक्के पाहिजेत. आधी मुंबईला राज्य सरकारचा, मग दिल्लीच्या खात्याचा, त्याला अपोस्टिल म्हणतात. म्हणजे आपल्या सरकारनं परदेशाला सांगायचं, की ही डिग्री खरी, ह्याच्यावरची सही खरी. मला तर संतापच आला होता. पोरगी चार वर्षं लोकांची दुखणी उपसत शिकली, ते तिच्या हातांकडे बघून कळत नाही का? पण महिना संपायच्या आत मुंबईचा शिक्का झालेला कागद नर्सांना तिकडं पाठवणाऱ्या नागपूरच्या एजंटकडे पोचला तरच ती ह्या बॅचसोबत जाणार होती. नाही पोचला तर पुढची बॅच कधी आणि तिच्यात हिची जागा राहील का, ह्याची हमी द्यायला कोणी तयार नव्हतं. तो एक कागद आणि पोरीची सगळी मेहनत, असं ते लटकून राहिलं होतं.

एजंट म्हणाला, "कुरियर कर दीजिए, हम करवा देंगे." हे तयार झाले नाहीत. "ओरिजिनल डिग्री कुरियरनं? हरवली त् कोणाले धरायचं?" मिलमधून सुट्टी काढली आणि मुंबईला स्वतः जायचं ठरवलं. ते ऐकून मला ती सोललेली मार्कशीट आठवली. म्हटलं, प्लास्टिकवाला माणूस चालला डिग्री घेऊन.

जायच्या दिवशी सकाळपासून मी ह्यांच्या मागं लागले. फाईल बॅगेत आडवी ठेवा, घडी पडू देऊ नका, पाण्याची बाटली दुसऱ्या पिशवीत, संडासला गेले तरी फाईल सोबत. डब्यात पोळ्या आणि बटाट्याची सुकी भाजी दिली. हे म्हणाले, "थोडं लोणचं दे न."

"नाई. तेल सुटते. फाईलले लागलं त्?"

"फाईल बॅगेत, डबा हातात. कसं लागंल?"

"तुमचं काई सांगता येते का?"

डबा पिशवीत घातला बिचाऱ्यांनी. मुंबईची गाडी गोंदियातूनच सुटते, दुपारी. पोरगी सकाळीच ड्यूटीवर गेली होती. हे आंघोळीला शिरले आणि फाईल देवापुढच्या पाटावर होती. मीच ठेवली होती.

आता हे नीट सांगायला पाहिजे, नाही तर वाचणाऱ्याला मी खुळीच वाटेन. आमच्यात नवी वस्तू घरात आली की आधी तिला हळदकुंकू. सायकल, मिक्सर, मोटरसायकल, पोरीची पहिली पाटी, सगळ्यांना. लग्नपत्रिकेचे कोपरे हळदीत बुडवल्याशिवाय पहिली पत्रिका घराबाहेर जात नाही. गॅसच्या शेगडीला मी लावलेलं बोट अजून घासून निघालेलं नाही. अंगणवाडीत नवं रजिस्टर आलं की पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मी बोट टेकवते, तेव्हाच त्यात पोरांची नावं लिहायला घेते. सुपरवायझर बाई वर्षानुवर्षं ती रजिस्टरं तपासतात, त्याच पानावर सही करतात, कधी एका शब्दानं बोलल्या नाहीत. सरकारी कागदाला कुंकू चालतं असं मला कोणी सांगितलं नव्हतं. पण चालत नाही असंही कोणी सांगितलं नव्हतं.

तर मी डिग्री फाईलमधून काढली. पुढच्या बाजूला पोरीचं नाव, विद्यापीठाचा छाप, सही. तिथं लावायची नाही एवढी अक्कल होती मला. उलटवली. मागची बाजू पांढरीशुभ्र, एक अक्षर नाही. म्हटलं, इथं कोण बघतंय? खाली उजव्या कोपऱ्यात हळदीचं बोट, त्याच्यावर कुंकवाचं. बोट पाण्यात बुडवलेलं होतं, म्हणून चांगलं उठलं. हात जोडले. म्हटलं, देवा, माझ्या पोरीचं काम होऊ दे. कागद परत कप्प्यात सरकवला आणि फाईलचं बटण लावलं. हे बाहेर आले, कपडे घातले, फाईल बॅगेत ठेवली आणि निघाले. ह्यांनी फाईल उघडून बघितली नाही. बघायचं कारणच नव्हतं.

संध्याकाळी पोरगी आली. चहा घेता घेता मोबाईल बघत होती. म्हणाली, "एजंटनं काय काय पाठवलं आहे बघ. बाबा जायच्या आधी पाठवायला पाहिजे होतं त्यानं." आणि वाचायला लागली. कागद स्वच्छ असावा. घडी, शाई, डाग, खाडाखोड चालणार नाही. मागची बाजू पूर्ण कोरी असावी, शिक्के मागच्या बाजूलाच येतात.

माझ्या हातात कणकेची परात होती. ती मी ओट्यावर ठेवली, उचलली, परत ठेवली.

"बाबांनी तर घडी नाही घातली न?" तिनं विचारलं.

"नाई," मी म्हटलं. "घडी नाई घातली."

मागल्या अंगणात नळाजवळ जाऊन मी ह्यांना फोन लावला. दोनदा लागला नाही. तिसऱ्यांदा लागला.

"अजी, कुठवर पोचले?"

"वर्धा गेलं आताच. का झालं?"

"फाईल कुठं आहे?"

"मांडीवर. तूच म्हटलं होतं न."

सांगायला पाहिजे होतं. जिभेवर आलं होतं. पण लगेच डोळ्यापुढं आलं, की हे गाडीत कागद बाहेर काढणार, हलत्या डब्यात, ओल्या रुमालानं पुसणार, आणि एका ठिपक्याचा पूर्ण पानभर राडा करणार. आणि दुसरंही होतं. इतकी वर्षं ज्या माणसाला मी बोलले, त्यालाच आता सांगायचं, की अजी, माझ्या हातून झालं? जीभ उचलेना.

"काई नाई," मी म्हटलं. "फाईल उघडू नका."

"मी कायले उघडतो?" हे म्हणाले.

ती रात्र गेली कशीतरी. सकाळी देवापुढं बसले तर समोर तोच कुंकवाचा करंडा. तो उचलून मी मागं सरकवला, समईच्या आड. मग म्हटलं, देवाची काय चूक, परत पुढं आणला. अंगणवाडीत पोरांची वजनं करायचा दिवस होता. एकाचं वजन दुसऱ्याच्या ओळीत लिहिलं. मदतनीस म्हणाली, बाई, हा पोट्टा एका महिन्यात इतका सुकला काऊन? तेव्हा कळलं. खोडून नीट लिहिलं, आणि लिहिताना पानाच्या कोपऱ्यातलं माझंच जुनं बोट दिसलं, वाळून तपकिरी झालेलं. रजिस्टर बंदच करून टाकलं. दर पाच मिनिटांनी पदराला हात पुसत होते, हाताला काही लागलेलं नसताना. आतापर्यंत हे ऑफिसात पोचले असतील. आता आत जायचा पास काढला असेल. आता रांगेत. आता फाईलचं बटण उघडलं असेल.

पोरीनं त्या दिवशी ड्यूटी बदलून घेतली होती. दुपारी तीनच्या सुमारास ह्यांचा फोन आला, तिनं तो स्पीकरवर टाकला.

"झालं का बाबा?"

मागं लोकांचा गलका ऐकू येत होता.

"बाबा?"

"नाई झालं बेटा. मागून डाग पडला आहे म्हणते. घेत नाईत."

"डाग? कसला डाग?"

"गाडीत जेवून राहिलो होतो. लोणच्याचं तेल लागलं. माझी चूक झाली."

पोरगी किंचाळली. मी तिला तशी ओरडताना कधी ऐकली नव्हती. बाबा, तुम्हाला एक कागद सांभाळता येत नाही? एक? चार वर्षं माझी, तुमच्या लोणच्यात गेली? मोबाईल तिनं पलंगावर फेकला. तिकडून ह्यांचा आवाज येतच होता, बेटा, बेटा, ऐक न.

लोणचं मी दिलंच नव्हतं.

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. आणि आता जे सांगते ते आजवर दोनच माणसांना सांगितलं आहे, त्यातल्या एकाला दुसऱ्याच दिवशी आणि दुसरीला अगदी शेवटी. नाई झालं, हे ऐकल्याबरोबर पहिल्यांदा मला बरं वाटलं होतं. छातीवरचं काहीतरी उतरलं. पोरगी जात नाही. निदान आता नाही. अजून काही दिवस ती भिंतीला टेकून घोकत बसेल आणि मी कणीक मळेन. मग पलंगावर उपडी पडलेली तिची पाठ दिसली, हुंदक्यानं वर-खाली होणारी, आणि मला माझीच अशी शिसारी आली की मी बाहेर जाऊन धुतलेली भांडी परत घासायला घेतली.

हे दुसऱ्या दिवशी परत आले. मी दारातच विचारलं, "का म्हटलं त्यांनी?"

ह्यांनी फाईल उघडून दाखवली. ओलं बोट प्लास्टिकला चिकटून पसरलं होतं. आणि नुसतं मागं नाही. कुंकू कागदातून पाझरून पुढं उमटलं होतं, बरोबर सहीच्या शेपटीखाली. तिथल्या साहेबांनी कागद उजेडात धरला, म्हणे. विचारलं, काका, हे काय आहे? ह्यांनी बघितलं आणि ओळखलं. साहेब वाईट नव्हता. म्हणाला, आमच्याही घरी लावतात, मला कळतं, पण सहीजवळ डाग आहे, मी घेतलं तरी पुढं कोणी घेणार नाही, दुसरी प्रत काढा.

"मग लोणचं कायले म्हटलं?" मी विचारलं.

"तुले बोलली असती पोरगी."

"तुम्हाले नाई बोलली का?"

"मले सवय आहे," हे म्हणाले, आणि रिकामा डबा माझ्या हातात दिला. "प्लास्टिकपासून."

माणसानं इतकं चांगलं असू नये, दुसऱ्याला फार जड जातं. मी ह्यांना तिथंच दारात सांगून टाकलं, की मला बरंही वाटलं होतं. हे चपला काढत होते. म्हणाले, "मलेही थोडंसं वाटलं." आणि पाय धुवायला गेले.

दोन दिवस पोरगी ह्यांच्याशी बोलली नाही. हे ताटावर मान खाली घालून जेवायचे आणि मिलमध्ये जायचे. मी आज सांगते, उद्या सांगते करत घरभर फिरत होते. एका जागी बसवत नव्हतं. बसलं की ते आठवायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी हे तिची एक पिशवी सरकवायला गेले, त्यात तिचे कागद होते, तर ती ताडकन उठली. म्हणाली, "बाबा, तुम्ही कागदाच्या जवळच नका जाऊ. आई बोलते ते बरोबरच आहे. तुमच्या हातात काही देऊच नये."

माझं वाक्य. माझ्याच आवाजात, माझ्याच ठसक्यात. मी इतकी वर्षं काय पेरत होते ते मला त्या दिवशी ऐकू आलं.

"त्यांले काऊन बोलून राहिली?" मी म्हटलं. "मी केलं. लोणचं-बिनचं काई नव्हतं. मी कुंकू लावलं तुझ्या डिग्रीले."

हे म्हणाले, "जाऊ दे न आता."

"जाऊ काऊन दे? देवापुढं ठेवून मी लावलं. मागच्या बाजूला लावलं, कोणाले दिसू नये म्हणून."

पोरगी बघत राहिली. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. तिनं अगदी हळू विचारलं, "मुद्दाम?"

ह्याला एकच उत्तर होतं आणि ते खरंही होतं. तरी ते तोंडातून निघायला वेळ लागला. मध्येच ते बरं वाटणं आडवं आलं. "नाई गं," मी म्हटलं, पण तोवर तिनं माझा चेहरा वाचला होता. तिनं पिशवी उचलली आणि आपल्या खोलीत गेली. ह्यांच्याशी मात्र त्या दिवसापासून बोलायला लागली.

बॅच तिच्याशिवाय गेली. विमानतळावरचे पोरींचे फोटो आले, जाड कोट घातलेल्या, हसणाऱ्या. तिनं ते मला दाखवले नाहीत, ओट्यावर राहिलेल्या मोबाईलवर मीच बघितले.

मग मी जी पळाले, बापा. दुसऱ्या प्रतीसाठी खराब झालेली डिग्री विद्यापीठाला परत करायची होती. त्यासाठी प्रतिज्ञापत्र, कॉलेजचं पत्र, अर्ज. मी सुट्ट्या टाकल्या. कोर्टाजवळ टाइप करणाऱ्याकडे बसले तर तो म्हणाला, कागद खराब कसा झाला ते लिहावं लागंल. म्हटलं, लिही, आईनं कुंकू लावलं. तो टाइप करता करता थांबला, माझ्याकडे बघितलं आणि लिहिलं, "धार्मिक विधीदरम्यान अनवधानाने." मला ते आवडलं नाही. कसला विधी? एक बोट तर होतं. पण वाद घातला नाही, सही केली. नागपूरला कॉलेजात तीन चकरा झाल्या. एकदा क्लार्क नव्हता, एकदा प्राचार्य नव्हते, तिसऱ्यांदा दोघंही होते तर पोरीच्या पासपोर्टची झेरॉक्स मी विसरले होते. घरी येऊन कोणावर ओरडावं तर ओरडायला तोंडच राहिलं नव्हतं. हे मात्र एकदाही काही बोलले नाहीत. त्याचाही रागच यायचा.

धान लावून झालं तेव्हा अर्ज गेला होता, कापणीला आलं तेव्हा दुसरी प्रत आली. एजंटनं कळवलं, पुढच्या बॅचमध्ये एक जागा आहे, पण कागद आठवड्यात पाहिजे. पोरीनं नवी फाईल आणली, प्रत तिच्यात ठेवली आणि जेवायच्या वेळी ती माझ्यासमोर धरली.

"ह्या वेळेस तू जाय."

"मी? मी कायले? बाबांले पाठव."

"बाबाही येतील. पण फाईल तू धर. तुझ्याइतकी आता कोणी नाही सांभाळणार."

ती हे चिडून म्हणाली की विश्वासानं, ते मला आजही कळलेलं नाही. निघताना मी कपाळाला टिकली लावली, कुंकू नाही. डब्यात लोणचं नव्हतंच, भाजीही दिली नाही, कोरडे लाडू आणि चिवडा. गाडीत फाईल पोटाशी धरून बसले. नागपूर, वर्धा, बडनेरा, गाडी थांबली की उठून साबणानं हात धुऊन यायचे आणि तेवढ्या वेळ फाईल ह्यांच्याकडे. हे म्हणाले, "आता कातडी निघंल." पण हात पुढं करून फाईल घ्यायचे, दोन्ही हातांनी, काट्यावर नवं वजन ठेवावं तशी.

ऑफिसात साहेब तोच होता. त्यानं ह्यांना ओळखलं. "आलात का काका? ह्या वेळेस पाठ कोरी आहे ना?" हे हसले आणि माझ्याकडे बघितलं नाही, हे मी लक्षात ठेवलं आहे. साहेबानं कागद उलटवला. शिक्का उचलला, शाईच्या पॅडवर दाबला, आणि खाली उजव्या कोपऱ्यात टेकवला. मी जिथं बोट टेकवलं होतं, बरोबर तिथं. तसाच जरा थांबला, दाब देऊन, चांगलं उठावं म्हणून. मला हसू आलं आणि रडूही. त्यांनी लावलं तर प्रमाण, मी लावलं तर डाग. हे मी मनातल्या मनात म्हटलं हो. शाई वाळेपर्यंत साहेबानं कागद उघडाच ठेवला, एवढी अक्कल मला नव्हती. मग त्यानं सही केली आणि पुढचा माणूस बोलावला.

दिल्लीचा शिक्का एजंटनं करवून आणला. व्हिसा आला. आणि एक दिवस दारात गाडी उभी राहिली, नागपूरच्या विमानतळावर नेणारी. हे तिच्यासोबत जाणार होते. मी घरीच राहणार होते, कारण विमानतळावर मी नीट वागेन ह्याची मलाच खात्री नव्हती.

ताट मी तयार केलं होतं. हळद, कुंकू, अक्षता, सगळं. केलं आणि ओट्यावरच ठेवलं, हात लावायची हिंमत होईना. पोरगी फाईल बगलेत घेऊन स्वयंपाकघरात आली. ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"आई, लाव न."

"नको. कुठं तरी लागंल."

"लागू दे." तिनं फाईल फ्रिजवर ठेवली, दूर, आणि माझ्यासमोर येऊन मान खाली केली. "कागदाले लावलं होतं तेव्हा मले नव्हतं लावलं तू."

खरंच. त्या दिवशी ती सकाळी ड्यूटीवर गेली तेव्हा मी नुसतं डबा घेतला का विचारलं होतं. मी बोट ओलं केलं, हळद लावली, कुंकू लावलं. कुंकू जरा वाकडंच गेलं. बोट तिच्या कपाळावरून उचलायच्या आत मी म्हटलं, "मुद्दाम नव्हतं लावलं."

"मले माहीत आहे."

"पण परत आलं तेव्हा मले बरं वाटलं होतं."

ती मान खाली घालूनच उभी होती. म्हणाली, "तेही माहीत आहे."

बाहेरून ह्यांनी हाक मारली, चला, उशीर होऊन राहिला. पोरीनं फ्रिजवरची फाईल घेतली. सवयीनं ती माझ्याकडे द्यायला लागली, पायात बूट घालायचे होते तिला. मी दोन्ही हात मागं घेतले. कपाळावर तसंच वाकडं कुंकू घेऊन ती खाली वाकली, फाईल दातांत धरली, बूट घातले आणि गेली.